औषधाने नळी उघडली का, हे चित्रात दिसतं?

वाचकांचे प्रश्न : दमा, सीओपीडी आणि छातीचे स्कॅन

थंडीची चाहूल लागली की या सदराकडे दम्याची आणि सीओपीडीची (धुराने श्वासनळ्या-फुप्फुसं कायमची बिघडून धाप लागण्याच्या आजाराची) पत्रं वाढतात. या वेळी बऱ्याच पत्रांना स्कॅनचे रिपोर्ट जोडलेले होते आणि विचारणा साधारण एकच होती : उपचार चालू आहेत, पैसे जाताहेत, फरक पडतोय का हे स्कॅनवर कळेल का? कळतं, पण आधीचा आणि नंतरचा स्कॅन एकाच पद्धतीने काढला असेल तरच. छातीविकार आणि रेडिऑलॉजी अशा दोन्ही अंगांनी ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : वय ४६. दहा वर्षांपासून दमा आहे, पंप नियमित घेते. पूर्वी पर्वती न थांबता चढायचे, आता अर्ध्यातच बसावं लागतं. स्पायरोमेट्री नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल. आता डॉक्टरांनी श्वास घेऊन आणि श्वास सोडून अशी दोन टप्प्यांची एचआरसीटी (फुप्फुसाचे पातळ काप दाखवणारी सीटी) लिहून दिली आहे. सगळं नॉर्मल असताना आणखी काय शोधायचं राहिलं? — वाचक, कोथरूड

उत्तर : स्पायरोमेट्रीत जोर लावून फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली ते मोजतात. त्यालाच एफईव्ही-१ म्हणतात. हा आकडा मुख्यतः मोठ्या आणि मधल्या नळ्यांची हालहवाल सांगतो. श्वासनलिकेला घशापासून वायुकोशांपर्यंत साधारण २३ वेळा फाटे फुटतात. आठव्या फाट्याच्या आसपास नळीचा आतला व्यास २ मिलिमीटरच्या खाली जातो. त्यापुढच्या नळ्या एकेकट्या अरुंद खऱ्या, पण त्यांची संख्या इतकी मोठी की सगळ्यांचा मिळून रस्ता प्रशस्त होतो आणि हवेला होणाऱ्या एकूण अडथळ्यात त्यांचा वाटा अगदी थोडा असतो. म्हणून त्यांतल्या पुष्कळ बुजल्या तरी स्पायरोमेट्री ढिम्म हलत नाही. जेरे मीड या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये या भागाला फुप्फुसाचा ‘क्वाएट झोन’ म्हटलं होतं. लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून वाहनं मोजली, तर सदाशिव पेठेतली बोळं तुंबलीत की मोकळी आहेत हे कसं कळणार? तसंच हे.

सीटीलाही २ मिलिमीटरखालची नळी नीट दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. दिसते ती तिच्या मागे अडकलेली हवा. सीटीत प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो : पाणी ०, हवा उणे १०००. पूर्ण श्वास सोडला की निरोगी फुप्फुसातली बरीच हवा निघून जाते, उरलेला भाग दाटतो आणि चित्रात करडा होतो. बारीक नळ्या बंद असतील तिथली हवा मात्र बाहेर पडू शकत नाही. तो भाग काळाच राहतो आणि ठिगळं लावलेल्या कापडासारखं चित्र दिसतं. श्वास सोडल्यावरही उणे ८५६ च्या खाली राहिलेला भाग म्हणजे अडकलेली हवा, अशी मोजणीची रूढ रेषा आहे. निरोगी माणसातही अशी एखाद-दोन ठिगळं असतात आणि वयाबरोबर ती वाढतात, त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘माइल्ड एअर ट्रॅपिंग’ (थोडी हवा अडकलेली) वाचून घाबरू नका.

तरीही तुमच्या जागी आम्ही आधी दोन स्वस्त तपासण्या करून घेतल्या असत्या. पहिली ऑसिलोमेट्री. यात यंत्र श्वासात हवेच्या हलक्या लहरी सोडतं आणि त्यांना होणारा अडथळा मोजतं, जोर लावायचा नसतो. नाकाला चिमटा, दोन्ही गालांवर तळहात घट्ट दाबून ठेवायचे आणि अर्धा मिनिट शांत श्वास घ्यायचा. गाल मोकळे सोडले तर ते फुगे होऊन थरथरतात आणि आकडा बिघडतो. यातला ‘आर-५ वजा आर-२०’ हा मंद आणि जलद लहरींच्या अडथळ्यातला फरक बारीक नळ्यांकडे बोट दाखवतो. दुसरी फेनो, म्हणजे श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची मोजणी. मोठ्या माणसात हा आकडा ५० च्या वर असला की स्टेरॉइडच्या पंपाला दाद देणारी सूज बाकी आहे, असं बहुधा निघतं. आणि हो, हिमोग्लोबिन तपासलंय का? चढावर धाप लागण्याचं ते एक अगदी साधं कारण असतं. हे सगळं होऊनही कोडं सुटलं नाही, तर एचआरसीटी जरूर करा. दम्याच्या नावाखाली लपलेला ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंदावण्याचा आजार) कधी कधी तिथेच सापडतो.

प्रश्न : वडिलांच्या सीओपीडीसाठी वर्षभरात तीन सीटी झाल्या, दोन वेगवेगळ्या सेंटरवर. पहिल्यात एम्फिसीमा (वायुकोशांच्या भिंती विरून पडलेल्या पोकळ्या) १४ टक्के, दुसऱ्यात २१, तिसऱ्यात पुन्हा १५. त्यांची तब्येत मात्र आहे तशीच. रिपोर्ट खोटा म्हणावा की औषध निकामी? — वाचक, भोसरी

उत्तर : दोन्ही म्हणायची गरज नाही. तिन्ही चित्रं खरी असतील, पण एकमेकांशी तुलना करण्याजोगी नसतील. तुम्ही पाठवलेल्या कागदांवर स्लाइसची (चित्राच्या एकेका कापाची) जाडी आणि कर्नल दिलेला आहे. पहिला आणि तिसरा स्कॅन मऊ कर्नलवर आहे, मधला तीक्ष्ण कर्नलवर. कर्नल म्हणजे कच्च्या माहितीतून चित्र घडवणारी गाळणी. तीक्ष्ण गाळणीने कडा डोळ्याला छान दिसतात, पण चित्रात रवाळपणा वाढतो. त्या रव्यातले काही ठिपके विनाकारण उणे ९५० च्या खाली घसरतात आणि एम्फिसीमा मोजताना याच रेषेखालचे ठिपके धरतात. म्हणजे फुप्फुस तेच, टक्के वाढलेले! डोळ्यांनी वाचायला तीक्ष्ण आणि मोजायला मऊ, अशी दोन्ही चित्रं एकाच स्कॅनमधून काढता येतात. त्यासाठी पुन्हा मशीनमध्ये झोपावं लागत नाही, मात्र कच्ची माहिती मशीनवरून पुसली जाण्याआधी मागावं लागतं.

दुसरी गोची श्वासाची. पूर्ण छाती भरून काढलेला स्कॅन आणि पाऊण छाती भरून काढलेला स्कॅन यांत घनतेचा फरक पडतोच. ७० वर्षांच्या माणसाला थंडगार खोलीत उताणं झोपवून स्पीकरवरून ‘श्वास घ्या, रोखा’ एवढंच सांगितलं, तर प्रत्येक वेळी तो वेगळा श्वास घेणार. यावर उपाय साधा आहे. टेबलावर चढण्याआधी खुर्चीवर बसवून तीनदा सराव घ्यायचा : पूर्ण आत, रोखा, सोडा, मग पूर्ण आत आणि सगळा बाहेर, आणखी बाहेर, आता थांबा. सूचना मराठीतच आणि त्यांच्या ओळखीच्या शब्दांत द्यायला सांगा. ‘इन्स्पिरेशन’ ऐकून कुणी श्वास घेत नाही. श्वास खरोखर सुटला होता का, हे चित्रातच पडताळता येतं. मुख्य श्वासनलिकेची मागची भिंत पातळ पडद्याची असते. श्वास भरलेला असताना ती बाहेरच्या बाजूला गोल असते आणि सोडल्यावर सपाट होते किंवा आत झुकते. ‘श्वास सोडलेल्या’ स्कॅनमध्येही ती गोलच असेल, तर तो स्कॅन फुकट गेला. त्यावरून एअर ट्रॅपिंग आहे किंवा नाही, असं काहीही म्हणता येत नाही. मोजणीचं सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी फुप्फुसाचं आकारमान लिटरमध्ये देतं. दोन स्कॅनमध्ये ते दहाव्या हिश्शापेक्षा जास्त वेगळं असेल, तर आम्ही टक्क्यांची तुलना करत नाही.

तिसरी गोष्ट पंपाची वेळ. एकदा सकाळचा पंप घेऊन आणि एकदा न घेता स्कॅन केला, तर दिसणारा फरक त्या पंपाचा असेल, सहा महिन्यांच्या उपचारांचा नसेल. सोपा मार्ग म्हणजे दोन्ही वेळा स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून) साल्ब्युटामॉल या लगेच नळी उघडणाऱ्या औषधाचे ४ पफ, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम, एकेक करून द्यायचे आणि १५ मिनिटांनी स्कॅन घ्यायचा. पंप बंद ठेवूनच तपासायचं असेल तर साल्ब्युटामॉल ४ ते ६ तास, दिवसातून दोनदा घ्यायचे लांब पल्ल्याचे पंप २४ तास आणि टायोट्रोपियम ३६ ते ४८ तास आधीपासून थांबवावं लागतं. हे डॉक्टरांना विचारून ठरवा. रात्री दम वाढला तर तपासणी गेली खड्ड्यात, आधी पंप घ्या.

शिवाय छातीत संसर्ग होऊन गेला असेल तर निदान सहा आठवडे थांबा. तेवढ्या काळात सुजलेली नळी आणि साचलेला कफ दोन्ही चित्र फसवं करतात. पुढचा स्कॅन करायची वेळ आलीच, तर पहिल्या आणि तिसऱ्या वेळच्याच सेंटरवर, त्याच मशीनवर करा आणि फॉर्मवर इतकं लिहून घ्या : स्लाइस १ मिलिमीटर किंवा कमी, कर्नल मागच्यासारखाच, कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) नको, पंपानंतर १५ मिनिटांनी, दोन्ही टप्प्यांआधी श्वासाचा सराव.

प्रश्न : एवढ्या स्कॅनने किरणांचा त्रास किती? — वाचिका, वानवडी

उत्तर : निसर्गातूनच जगभर माणशी वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) किरणं मिळतात. नेहमीची छातीची सीटी ५ ते ७ मिलिसिव्हर्टची, कमी मात्रेची १ ते दीडच्या आसपास. श्वास सोडलेला टप्पा कमी मात्रेवर घेता येतो आणि तसाच घ्यावा. तुमच्या स्कॅनचा हिशोब तुम्हालाही करता येईल. रिपोर्टबरोबरच्या मात्रेच्या पानावर डीएलपी नावाचा आकडा असतो, त्याला ०.०१४ ने गुणा. डीएलपी ३५० असेल तर ४.९ मिलिसिव्हर्ट. तिशीच्या आतल्या रुग्णांना आणि वारंवार स्कॅन लागणाऱ्यांना हा हिशोब जास्त महत्त्वाचा. गरोदरपणाची शंका असेल तर आधी सांगा.

प्रश्न : बहिणीला तीव्र दमा आहे. वर्षात चार वेळा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स झाला. सीटीत ‘म्युकस प्लगिंग’ लिहिलं आहे, पण तिला बेडका फारसा पडत नाही. आता महागडं बायोलॉजिक (सूज आणणाऱ्या ठरावीक रेणूला अडवणारं) इंजेक्शन सुचवलं आहे. त्याने कफाची बुचं निघतात का, आणि निघाली हे कळणार कसं? — वाचक, निगडी

उत्तर : बेडका पडत नाही म्हणून बुचं नसतील, असा अंदाज बांधू नका. बुचं असलेल्या कित्येक रुग्णांना कफ पडतच नाही. तो बाहेर येत नाही, तेच तर दुखणं. दम्यात इओसिनोफिल या रक्तातल्या पांढऱ्या पेशींतल्या पेरॉक्सिडेज या एन्झाइममुळे कफातल्या प्रथिनांचे धागे एकमेकांना घट्ट जोडले जातात आणि कफ रबरासारखा चिवट होतो. वर्षानुवर्षं त्याच फांदीत तेच बूच बसून राहिलेलंही स्कॅनमध्ये दिसतं.

मोजणी अशी करतात : फुप्फुसाचे १८ किंवा २० भाग धरायचे आणि ज्या भागात एक जरी नळी पूर्ण बुजलेली दिसली त्याला १ गुण द्यायचा. आवरणापासून २ सेंटिमीटरच्या आतली कड सोडून द्यायची, कारण तिथे नळ्या इतक्या बारीक असतात की बूच आणि रक्तवाहिनी यांत गफलत होते. मधल्या भागातही नुसता पांढरा ठिपका पाहून बूच म्हणायचं नाही. एकेक स्लाइस मागे घेत तो ठिपका हवेच्या काळ्या नळीला जाऊन मिळतो का, हे पाहायचं. मिळाला तर बूच, नाहीतर रक्तवाहिनी. हे काम वेळखाऊ आहे. ‘म्युकस प्लगिंग प्रेझेंट’ एवढ्या दोन शब्दांवर भागवू नका, गुण लिहून मागा.

इंजेक्शनाने बुचं कमी होतात, याला आता पुरावा आहे. टेझेपेलुमॅब या अशाच एका इंजेक्शनच्या ‘कॅस्केड’ चाचणीत २८ आठवड्यांत गुण सरासरी १.७ ने उतरला, खोट्या इंजेक्शनच्या गटात तो जागचा हलला नाही. डुपिलुमॅब या दुसऱ्या इंजेक्शनच्या ‘व्हेस्टिज’ चाचणीत २४ आठवड्यांचा हिशोब होता आणि तिथेही सीटीवर बुचं घटलेली दिसली. १.७ हा आकडा लहान वाटेल, पण एका भागाची नळी मोकळी होणं म्हणजे तिच्यापुढच्या शेकडो बारीक फांद्यांना हवा मिळणं. मात्र सरासरी ही सरासरीच. काहींची सात-आठ बुचं जातात, काहींचं एकही जात नाही.

सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करा. एकूण आयजीई (रक्तातली अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं) आणि अ‍ॅस्परजिलस बुरशीविरुद्धचा आयजीई तपासला आहे का? आपल्याकडे दम्याच्या रुग्णांत एबीपीए हा बुरशीच्या अ‍ॅलर्जीचा आजार बराच सापडतो आणि त्याची बुचं वरवर अशीच दिसतात. सीटी ‘सॉफ्ट टिश्यू’ खिडकीत उघडून बूच पाठीच्या स्नायूपेक्षा पांढरं दिसलं, तर एबीपीए असल्याची ती जवळजवळ सहीच समजा. त्याचा उपचार प्रेडनिसोलोन किंवा इट्राकोनॅझोल, महागड्या इंजेक्शनचा नंबर नंतर. तिथे ८ आठवड्यांनी एकूण आयजीई निदान २० ते २५ टक्के उतरायला हवा, आणि सुधारणा पाहायला बहुतेक वेळा साधा एक्स-रे पुरतो.

इंजेक्शनच ठरलं तर ४ ते ६ महिन्यांनी आधी हे पाहा : झटके किती आले, गोळ्यांचा कोर्स किती वेळा लागला, एफईव्ही-१ किती वाढला, आणि दमा किती आटोक्यात आहे ते सांगणाऱ्या २५ गुणांच्या एसीटी प्रश्नावलीत ३ तरी गुण वाढले का. हे सगळं सुधारलं असेल तर आम्ही दुसरी सीटी करायला सांगणार नाही. झटके थांबले पण दम तसाच, किंवा इंजेक्शन बदलायचं का असा पेच पडला, तर करा.

प्रश्न : आई-वडील दोघांनाही सीओपीडी. वडिलांनी चाळीस वर्षं विड्या ओढल्या, आता बंद आहेत. आईने कधीच नाही, पण तिचा जन्म चुलीपुढे गेला. दोघांचा एफईव्ही-१ जवळपास सारखा, अंदाजित आकड्याच्या ३८ टक्के. सीटी पाहून डॉक्टर म्हणाले, बाबांना व्हॉल्व्हचा विचार करता येईल, आईंना नाही. असं का? — वाचक, मुळशी तालुका

उत्तर : आकडा सारखा, आतली मोडतोड वेगळी. विडी-सिगारेटच्या सीओपीडीत वायुकोशांच्या भिंती विरून मोठाल्या पोकळ्या पडतात, हा एम्फिसीमा. चुलीच्या धुरात बहुधा नळ्यांच्या भिंती जाड होतात, बारीक नळ्या बुजतात आणि एम्फिसीमा त्या मानाने कमी असतो. धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीचा प्रश्न २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडणाऱ्या दोघांपैकी एक पुण्याचे डॉ. संदीप साळवी, दुसरे लंडनचे पीटर बार्न्स. मुळशी, वेल्हे, भोर या पट्ट्यात घरोघरी जे दिसतं तेच त्यात होतं.

हे दोन प्रकार वेगळे काढायला श्वास भरलेला आणि सोडलेला असे दोन्ही स्कॅन संगणकावर एकमेकांवर ठिपक्याला ठिपका बसवतात. मिशिगन विद्यापीठातून २०१२ मध्ये आलेली ही पद्धत. श्वास भरल्यावरही उणे ९५० च्या खाली असलेला ठिपका लाल, म्हणजे एम्फिसीमा. भरल्यावर ठीक पण सोडल्यावर हवा अडकलेला ठिपका पिवळा, म्हणजे बारीक नळ्यांचा आजार. बाकी हिरवं. तुमच्या वर्णनावरून वडिलांच्या चित्रात लाल जास्त असेल आणि आईच्या पिवळं.

व्हॉल्व्हचं काम काय? सर्वांत खराब लोबकडे (फुप्फुसाच्या एका मोठ्या खंडाकडे) जाणाऱ्या नळ्यांत दुर्बिणीतून एकेरी झडपा बसवतात. हवा बाहेर जाते, आत येत नाही, तो लोब आक्रसतो आणि त्याने दाबून ठेवलेल्या चांगल्या भागाला व डायाफ्रामला (छातीखालच्या श्वासाच्या स्नायूला) जागा मिळते. आईच्या छातीत असा एक बिघडलेला लोब नाही, बिघाड सगळीकडे पसरलेला आहे, म्हणून झडप कुठे बसवणार?

वडिलांच्या बाबतीत मेख फिशरची, म्हणजे दोन लोबांमधल्या पडद्याची. पडदा अपुरा असेल तर शेजारच्या लोबमधून हवा चोरवाटेने येत राहते आणि झडपा बसवूनही लोब फुगलेलाच राहतो. झडपा न चालण्याचं हे सर्वांत मोठं कारण. सीटी मोजणीत पडदा ९५ टक्क्यांहून जास्त पूर्ण असेल तर वाट मोकळी, ८० ते ९५ मध्ये दुर्बिणीतूनच फुगा फुगवून चोरवाट तपासतात, ८० च्या खाली सोडून द्यायचं. सीटीशिवाय रेसिड्युअल व्हॉल्यूम (पूर्ण श्वास सोडल्यावरही आत उरणारी हवा) अंदाजित आकड्याच्या १७५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर हवं, विडी ४ महिने तरी पूर्ण बंद हवी आणि श्वासाच्या व्यायामाचा कार्यक्रम आधी पूर्ण व्हायला हवा.

धोकाही नीट ऐकून घ्या. मोठ्या चाचण्यांत साधारण चारांतल्या एका रुग्णाला न्यूमोथोरॅक्स झाला, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साठली, आणि तेही बहुतेकांना पहिल्या तीन दिवसांत. म्हणून तीन रात्री हॉस्पिटलात राहणं सक्तीचं. ‘दुसऱ्या दिवशी घरी’ असं कुणी सांगत असेल तर दुसरं मत घ्या. ४५ दिवसांनी पुन्हा सीटी करून लोबचं आकारमान मोजतात. ३५० मिलिलिटर किंवा जास्त घटलं तर काम झालं. घटलंच नाही, तर एखादी झडप तिरकी बसली आहे, सरकली आहे किंवा एखादी उपनळी सुटली आहे का, हे त्याच सीटीत शोधतात. झडप दुर्बिणीतून काढताही येते आणि बदलताही.

आईसाठी मुख्य उपचार स्पेसरमधून लांब पल्ल्याचा पंप, लसी, व्यायाम आणि चुलीपासून सुटका. सिलिंडर आहे पण अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, अशी अर्धी सुटका खूप घरांत दिसते. तिने भागत नाही.

प्रश्न : अमेरिकेत शिकणारा भाचा सांगतो, तिकडे एक वायू हुंगायला देऊन फुप्फुसाचा एमआरआय करतात, किरणं अजिबात नाहीत. पुण्यात एमआरआय सेंटर गल्लोगल्ली आहेत, तिथे करून मिळेल का? — वाचक, औंध

उत्तर : भाचा खरं सांगतोय. वायू म्हणजे झेनॉन-१२९. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) डिसेंबर २०२२ मध्ये १२ वर्षांवरच्या रुग्णांत फुप्फुसात हवा कुठे पोचते हे पाहण्यासाठी त्याला मान्यता दिली. नेहमीचा एमआरआय शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनचा संदेश टिपतो. फुप्फुसात बहुतेक हवाच, म्हणून तिथे चित्र काळंकुट्ट येतं. झेनॉनचे अणू आधी लेसर आणि रुबिडियमच्या वाफेच्या साहाय्याने एका दिशेला ‘फिरवून’ ठेवतात, मग त्यांचा संदेश हजारो पटींनी जोरकस होतो. सुमारे एक लिटरची पिशवी, नळीतून एका श्वासात आत आणि १० ते १५ सेकंद रोखायचं. झेनॉन मोठ्या प्रमाणात भुलीचं काम करतो, त्यामुळे क्षणभर गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, मिनिटभरात जातं. जिथे वायू पोचला ते भाग उजळ, जिथे नाही तिथे काळी भगदाडं. ती भगदाडं किती टक्के, हाच मोजायचा आकडा. पंप घेतल्यावर ती लहान होताना त्याच बैठकीत दिसतात.

यापूर्वी हेलियम-३ वापरायचे. तो मिळतो ट्रिशियमच्या क्षयातून आणि ट्रिशियमचा साठा अण्वस्त्रांसाठीचा. पुरवठा आटला तसे संशोधक झेनॉनकडे वळले. यात फायदाही झाला, कारण झेनॉन रक्तात विरघळतो आणि हवा पोचल्यावर पुढे रक्तात जाते का, तेही दाखवतो.

गल्लीतल्या सेंटरवर मात्र हे होणार नाही. १.५ टेस्लाच्या मशीनवर हायड्रोजनचा सूर ६३.९ मेगाहर्ट्‌झला लागतो, झेनॉनचा १७.७ ला. तो ऐकायला मशीनमध्ये वेगळी यंत्रणा, छातीभोवती बांधायची वेगळी कॉइल आणि शेजारच्या खोलीत वायू तयार करणारं पोलरायझर लागतं. तयार वायू बाहेरून मागवून ठेवताही येत नाही, कारण त्याचा जोर टिकत नाही. फुप्फुसात प्राणवायूशी गाठ पडली की काही सेकंदांत त्याचा जोर उतरू लागतो. हवा कुठे पोचते एवढंच पाहायचं असेल, तर न्यूक्लिअर मेडिसिन विभागातला टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा व्हेंटिलेशन-परफ्युजन (हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा) स्कॅन विचारा. चित्र ढोबळ येतं आणि थोडी किरणंही लागतात, पण शस्त्रक्रियेआधीच्या निर्णयाला तो पुष्कळदा पुरतो.

प्रश्न : पंपाचं औषध खरंच आत जातं का, हे स्कॅनवर दिसतं का? — वाचिका, हडपसर

उत्तर : संशोधनात दिसलेलं आहे. औषधाच्या थेंबांना टेक्नेशियम जोडून गॅमा कॅमेऱ्याखाली पाहिलं, तेव्हा साध्या पंपातलं १० ते २० टक्केच औषध फुप्फुसात पोचलं आणि बाकीचं बहुतेक घशात आदळलं. तुमच्यासाठी त्या स्कॅनची गरज नाही, आरसा पुरे. पंप मारल्यावर तोंडातून धूर बाहेर येताना दिसला की औषध वाया गेलं. पंप असेल तर स्पेसर लावा, एका वेळी एकच पफ, ४-५ सेकंद सावकाश ओढा, १० सेकंद रोखा. रोटाहेलर (कॅप्सूलमधली पावडर ओढायचं उपकरण) असेल तर उलट : झटक्यात, जोरात आणि खोल. दोन्ही उपकरणं घरात असली की नेमकी अदलाबदल होते. स्पेसर महिन्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवा, कपड्याने पुसू नका, निथळत ठेवा. पुसलं की प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. पावसाळ्यात कॅप्सूल पाकिटातून काढली की लगेच वापरा, दमट हवेत पावडरीचे गोळे होतात.

प्रश्न : स्कॅनची फिल्म जपून ठेवायची की रिपोर्ट? — वाचक, बिबवेवाडी

उत्तर : सीडी. फिल्मवर तीनशे-चारशे चित्रांतली निवडक वीस-तीसच छापलेली असतात आणि त्यावरून मोजणी करता येत नाही. सेंटर सोडण्याआधी तिथल्याच संगणकावर सीडी उघडून पाहा : पातळ स्लाइस आहेत का, दोन्ही टप्पे आहेत का, नाव-वय बरोबर आहे का. पुष्कळदा सीडीवर ५ मिलिमीटरच्या जाड स्लाइस टाकून देतात आणि पातळ मशीनवरच राहतात. काही आठवड्यांनी त्या पुसल्या जातात. घरी आल्यावर सीडी एका पेन ड्राइव्हवरही उतरवून ठेवा, कारण पाच वर्षांनी ती वाचणारा संगणक घरात असेलच असं नाही. पाकिटावर बॉलपेनने तीन गोष्टी लिहा : तारीख, शेवटचा पंप किती वाजता घेतला होता, आणि त्या महिन्यात सर्दी-ताप होऊन गेला होता का.